बेंडिंग मशीनची पूजा

लग्नकार्यात नवी ओळख झाली की तो प्रश्न येतोच. "तुम्ही काय करत होतात?" मी सांगते, पत्रा वाकवायचे. समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघते आणि मग विचारते, "म्हणजे टिनाचे शेड वगैरे?" शेड नाही. बादल्या नाहीत, धान्याच्या कोठ्याही नाहीत. याडी, म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीत आई, ती तर शेवटपर्यंत सगळ्या पुसेगावात सांगत राहिली की आमची सुमित्रा हिंगोलीला ताटल्या बनवते. मी पुष्कळदा समजावलं आणि मग नाद सोडला. यंदा दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा वाटलं, याडीला नाही पटवता आलं, निदान वाचणाऱ्यांना तरी पटवून बघू.

आमचा कारखाना हिंगोलीबाहेर, दत्तराव मालकांचा. घराणं सेनगावकडचं, शेतीवाडी भरपूर, पण दत्तरावांचा जीव लोखंडात. कारखान्यात काम एका ओळीनं चालायचं. कटिंग मशीनवर पत्रा मापात कापायचा, प्रेसवर त्याला भोकं पाडायची, धारदार कडा कानशीनं घासून बोथट करायच्या आणि शेवटी बेंडिंग. बेंडिंग मशीन म्हणजे उंच लोखंडी चौकट. वर लांब पोलादी सुरी, तिला आम्ही पंच म्हणायचो. खाली बैठकीवर तेवढीच लांब पोलादी पट्टी, तिच्या मधोमध खाच, ती डाय. पत्रा डायवर आडवा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, पंच खाली येतो आणि पत्र्याला खाचेत ढकलतो. झाला काटकोन. सांगायला एवढंच.

पत्रा वाकवायला तशी अक्कल लागत नाही, गुडघ्यावर घेऊनही वाकतो. हवा तेवढाच वाकवायचा, आणि पहिला जसा वाकला तसाच संध्याकाळचा शेवटचा वाकवायचा, यात सगळी गोम आहे. पत्रा मोठा हट्टी. पंच वर गेला की तो आपला थोडा मागे येतो. मला हे काम शिकवलं ते रज्जाकभाईंनी. ते म्हणायचे, "बेटा, पत्र्याशी जबरदस्ती न्हाई करायची. त्याला जितकं वाकवायचं त्याच्यावर जरासं जास्त सांगायचं. मग तो मागे येऊन बराबर जागेवर बसतो." हे जरासं म्हणजे किती, ते पत्र्याच्या जाडीवर, त्याच्या जातीवर आणि पंच खाचेत किती खोल उतरतो त्यावर ठरतं. पंच केसभर जास्त उतरला तरी काटकोन बिघडतो. हे केसभर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, पुढे त्यानं आमच्या नाकी नऊ आणले.

गिऱ्हाईकंही एकेक नमुनेदार. नरसीला देवळाच्या रस्त्यावर एक पेढेवाले होते. त्यांना पेढ्यांचे डबे हवे होते, पण झाकण लावताना 'टक' असा आवाज आला पाहिजे, ही अट. मुंगी जाणार नाही असं झाकण मी केलं, तरी त्यांचं समाधान होईना. म्हणाले, "ताई, मुंगीचं सोडा. टक झालं की गिऱ्हाइकाला वाटतं, माल पक्का आहे." ते डबा कानाशी धरून झाकण लावून बघायचे आणि आवाज नाही आला तर डबा बाजूला. सिद्धेश्वरच्या धरणावरचे एक मासेवाले बर्फाच्या पेटीचं माप हातानं दाखवायचे, "इतकी लांब, इतकी खोल", आणि दर खेपेला हात वेगळाच. शेवटी मी त्यांना सांगितलं, तुमचा सगळ्यात मोठा मासा घेऊन या. त्यांनी खरंच आणला. पेटी छान झाली, शेडला मात्र आठवडाभर वास.

मी इथे लागले ती घासणीच्या टेबलावर. तांड्यावरची म्हटल्यावर पुष्कळांना वाटायचं, हिचा हात भरतकामानं तयार झाला असणार. मला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. माझा हात तयार झाला पत्रा धरून. मोठा पत्रा वाकताना त्याचं मोकळं टोक झटकन वर उठतं, म्हणून बेंडिंगला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक ते टोक सांभाळायला. रज्जाकभाईंसमोर ते टोक मी बरीच वर्षं धरलं. त्या टोकात पत्रा कसा बोलतो ते कळतं. कधी तो मऊपणे उठतो, कधी अडतो, कधी कुरकुरतो. पुढेपुढे पंच वर जाण्याआधीच मला कळायचं की कोन बसला की नाही, आणि मी मान हलवली की रज्जाकभाई हसायचे.

नव्वदचं दशक सरता सरता रज्जाकभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बेंडिंगवर उभं राहणं त्यांना धोक्याचं झालं. प्रश्न आला, मशीन कुणाकडे द्यायचं. कटिंग मशीनवरचा विठ्ठल माझ्या आधीपासून कामाला, हाताचा सरळ, आणि बेंडिंगवर जायची त्याची फार दिवसांची इच्छा. त्याचं म्हणणं काही वावगं नव्हतं. पण रज्जाकभाईंनी मालकांना सरळ सांगितलं, "सुमित्राला द्या." विठ्ठल म्हणाला, "बाईमाणसाच्या पायानं पेडल चाललं तर लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "लोकांना काम पाहिजे का पाय?" मालक दोघांच्या मधे उभे. त्यांचा स्वभाव असा की कुणालाच नाही म्हणवत नाही. ते म्हणाले, "बघू दसऱ्यानंतर."

ती वेळ 'बघू' म्हणायची नव्हती. औरंगाबादची एक कंपनी खेड्यापाड्यांतल्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी लोखंडी कपाटं बनवून घेत होती. कपाटाच्या आत पत्र्याच्या चौकटी, चौकटीत आमनेसामने खाचा, आणि त्या खाचांतून विजेच्या सर्किटचे पत्ते, म्हणजे कार्डं, आत सरकवायचे. चौकट एका टोकाला जरा मिटली की पत्ता अर्ध्या वाटेत अडकणार. असं नाजूक काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. पहिली चौकट मी केली होती, रज्जाकभाई शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि ती कंपनीला पसंत पडली होती. आता दसऱ्यानंतर त्यांचे तपासनीस बोरकर साहेब स्वतः येऊन आमच्या मशीनवर आमच्या हातचं काम बघणार होते. त्यांनी मान हलवली तर वर्षभर शेडला काम. मला तर दुसरीच धाकधूक. ते काम माझ्या हातून पास झालं तर मशीन माझं, नाही झालं तर मी परत घासणीच्या टेबलावर, आणि मग तिथून कुणी उठवणार नव्हतं.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, आणि तिला एक नियम होता. जो ज्या मशीनवर उभा राहतो त्यानंच त्याची पूजा करायची. विठ्ठल कटिंगची करायचा, प्रेसवाला प्रेसची. बेंडिंगची रज्जाकभाई करत आले होते. त्यांची पूजा म्हणजे डाय उतरवायची, रॉकेलनं बैठक लख्ख पुसायची, स्वच्छ तेलाचा हात फिरवायचा, डाय जागच्या जागी बसवायची, वरच्या आडव्या बीमला मोगऱ्याचा गजरा आणि एक उदबत्ती. त्या वर्षी मात्र रज्जाकभाई डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलेले, मग बेंडिंगची पूजा कोण करणार? विठ्ठल नवं धोतर नेसून आला होता. मीही पिवळी साडी नेसून गेले होते, मुद्दाम. मालकांनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि वाद नको म्हणून घरातून माईंना बोलावलं.

माई म्हणजे मालकांच्या आई. घर शेडच्या मागेच. बाई मोठी धार्मिक, जीभ तिखट आणि मन मोकळं. त्या कधी शेडमधे पूजेला आल्या नव्हत्या. आता बोलावलं म्हटल्यावर त्यांनी ती घरच्या देवाची करावी तशी यथासांग केली. डाय उतरवून पाटावर ठेवली होती, तिला हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. मी त्या वेळी मागे प्रसादाची केळी कापत बसले होते, तोंड फुगवून. विठ्ठल आणि प्रेसवाल्यानं डाय उचलून परत जागेवर ठेवली, बोल्ट आवळले, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी दसरा, सगळं हिंगोली मैदानावर. मशीन बंद.

दसरा झाल्यावर मालक म्हणाले, "सुमित्रे, पहिली चौकट तू केली, तर ही पण तूच कर. बिघडलं तर मग विठ्ठल हाये." म्हणजे दार उघडलं, पण कडी हातात ठेवली. बोरकर साहेब दुपारच्या एसटीनं येणार होते. मी सकाळी पहिला पत्रा वाकवला आणि गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पोलादी पट्टी, सुताराकडेही असते. ती कोपऱ्यात टेकवून उजेडाकडे धरायची. उजेड दिसला नाही तर काटकोन बरोबर. उजव्या टोकाला उजेड नव्हता. डाव्या टोकाला होता.

तिथे पत्रा गरजेपेक्षा जास्त दबला होता, कोन मिटत आला होता. कंपनीनं दिलेला नमुन्याचा पत्ता चौकटीत सरकवून बघितला. उजवीकडून गेला तो डावीकडे जाऊन रुतला. दुसरा पत्रा घेतला, तेच. तिसरा घेतला, तेच. विठ्ठल कटिंगजवळ हाताची घडी घालून उभा होता, पण तोंडातून शब्द काढला नाही, हे त्याचं मोठेपण. मालक फेऱ्या मारायला लागले.

"पत्रा खराब आला असंल," ते म्हणाले.

"थांबा, बघते."

इथे रज्जाकभाईंची एक साधी रीत सांगायला हवी. काम बिघडलं तर दोष पत्र्यात आहे की मशीनमधे, हे कसं ओळखायचं? पत्रा फिरवायचा. त्याचं डावं टोक उजवीकडे करून वाकवायचं. दोष पत्र्यात असेल तर तो पत्र्याबरोबर फिरून उजवीकडे जाईल. मशीनमधे असेल तर जिथल्या तिथे राहील. मी पत्रा फिरवून वाकवला, गुण्या लावला. उजेड डावीकडेच.

"मशीनमधे हाये," मी म्हणाले.

मालकांनी घड्याळाकडे बघितलं. "मग असं कर, वरचा पंच डावीकडून जरासा उचलून बांध. कोन बराबर येऊन जाईल. साहेब काय मशीन उघडून बघणार हायेत का?"

हे करता आलं असतं. पंच तिरका बांधायची सोय मशीनमधे होती आणि पुढच्या दहा मिनिटांत चौकट पास होण्यासारखी निघाली असती. मालकांचं मन मला कळत होतं. पण डाव्या टोकाला जे काही झालं होतं ते का झालं हे माहीत नसताना वरून दुसरा तिरकेपणा घालायचा, म्हणजे एका वाकड्यावर दुसरं वाकडं ठेवायचं. आतलं कारण उद्या सरकलं तर सगळा माल बिघडणार, आणि तेव्हा मशीनसमोर मी उभी असणार. मी म्हणाले, "मालक, तिरकं बांधणार न्हाई. डाय काढून बघते."

"आत्ता? साहेब येऊन राहिले अन् तू मशीन खोलून बसती?"

"खोलल्याबिगर कळणार न्हाई."

ते माझ्यावर चिडले आणि मीही त्यांच्यावर चिडले. डाय एकटीनं उचलण्यासारखी नसते. मी विठ्ठलकडे वळले. "विठ्ठलभाऊ, हात लावा." तो क्षणभर थांबला. त्याला काय करावंसं वाटलं असेल ते त्यालाच माहीत. मग तो आला, बोल्ट सोडले आणि आम्ही दोघांनी डाय उचलली.

बैठकीच्या डाव्या टोकाला, लख्ख पोलादावर, गुलाबी पिवळ्या रंगाची एक चकती चिकटली होती. पापडासारखी पातळ आणि खडबडीत. नखानं कोरली तर नख मोडेल इतकी घट्ट. मी वास घेतला. हळद आणि तेल.

विठ्ठल खाली बघत म्हणाला, "अक्षता हायेत. माईंनी डाय ठेवायच्या आधी तिथं टाकल्या होत्या. मला दिसल्या व्हत्या. म्हणलं, एवढ्या दाबात भुगा होऊन जाईल."

भुगा झालाच होता. पण तांदळाचं पीठ, ओली हळद, कुंकू आणि मशीनचं तेल, त्यावर पंचाचा दाब, सगळ्याची मिळून फरशी झाली होती. तिनं डाय डाव्या अंगानं उचलून धरली होती, म्हणजे पंच तिथं जरा जास्त खोल उतरत होता. हे ते केसभर.

आम्ही तिघं त्या चकतीकडे बघत असताना मागून आवाज आला, "काय झालं?" बोरकर साहेब आधीच्या गाडीनं आले होते. उंच, पिशवी खांद्याला, चष्मा.

मालक म्हणाले, "काही न्हाई साहेब, जुनं ग्रीस हाये."

"ग्रीस न्हाई, साहेब," मी म्हणाले. "खंडेनवमीच्या अक्षता हायेत. डायखाली आल्या, म्हणून डावा कोन मिटतो. पुसलं की बराबर येईल."

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की घासणीचं टेबल मला डोळ्यांसमोर दिसलं. बोरकर साहेब वाकले, चकतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पूजा आमच्याकडेही असते. पण आमचे गुरुजी मशीनसमोर पाट मांडतात, पोट उघडायला लावत नाहीत." मग पिशवी खाली ठेवली. "पुसून घ्या. मी चहा घेतो. चौकट माझ्यासमोर करा."

पण पुसणार कोण? विठ्ठलनं फडकं उचललं आणि ठेवलं. देवाच्या अक्षता रॉकेलच्या फडक्यानं खरवडायच्या? मालक म्हणाले, "माईंना विचारल्याबिगर हात लावू नका." आणि माईंना विचारायला कुणीच हलेना. शेवटी मीच गेले.

माई देवघरात होत्या. त्यांचा लाकडी चौरंग मी नेहमी बघायचे. एक कोपरा हलायचा, म्हणून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. मी खाली बसले.

"माई, नवमीला तुमी डायखाली अक्षता ठेवल्या होत्या ना?"

"ठेवणारच की. कलश मांडताना खाली तांदूळ ठेवत न्हाई का आपण? नुसत्या लोखंडावर कसं बसवावं त्याला? काहून विचारून राहिली?"

मला वाटेत पाठ केलेलं सगळं आठवेना. मी चौरंगाकडे बोट केलं. "ही घडी काढली तर काय होतं?"

"डुगडुगतो. समईचं तेल सांडतं."

"घडी केवढीशी हाये, अन् चौरंग केवढा."

माईंनी घडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाई हुशार. "म्हंजे माझ्या तांदळानं तुमचं मशीन एका अंगाला उचललं?"

"व्हय, माई."

मला वाटलं, आता संपलं. मालकांच्या आईच्या पूजेला नाव ठेवणारी बाई कुठल्या मशीनवर टिकणार? माई उठल्या, पदर खोचला आणि माझ्यापुढे शेडकडे चालायला लागल्या.

शेडमधे येऊन त्यांनी ती चकती बघितली. विठ्ठलकडून पातळ पट्टी घेऊन स्वतःच्या हातानं अलगद सोडवली, कण न् कण ओंजळीत घेतला. "हे तुळशीत टाकते," म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. बोरकर साहेब चहाचा कप घेऊन उभे होते, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"दत्ता, पूजा ज्याचं मशीन त्यानं करायची, हा तुमचाच नियम ना? मग मला काहून उभं केलं? तुला एकाला हो म्हणता येत न्हाई, म्हणून मला पुढं केलं. अन् एवढे बाप्ये उभे असून एकानं न्हाई सांगितलं की माई, हितं तांदूळ चालत न्हाई."

मालकांनी रॉकेलचा डबा स्वतःच उचलून माझ्यापुढे केला. बोरकर साहेब कपात बघत होते. मला आतून हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही आवरून मी बैठक रॉकेलनं पुसली, रज्जाकभाईंसारखा तेलाचा हात फिरवला, विठ्ठलनं आणि मी डाय बसवली.

मग मी पत्रा ठेवला. समोरचं टोक धरायला कोणी तरी हवं होतं. विठ्ठल स्वतःहून आला. पेडल दाबलं, पंच उतरला, पत्रा उठला, आणि विठ्ठलच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याच्या हातालाही जाणवलं, कोन बसला. गुण्या डावीकडे लावला. उजेड नाही. उजवीकडे लावला. उजेड नाही. चौकट पुरी झाल्यावर बोरकर साहेबांनी पत्ता एका टोकानं आत ढकलला. तो न अडता शेवटपर्यंत गेला आणि मागे टेकून थांबला. त्यांनी तो काढला, उलट्या बाजूनं घातला, परत काढला. दिवसभरात चौकटी होत गेल्या आणि ते एकेकीत पत्ता सरकवत गेले. संध्याकाळी निघताना त्यांनी मालकांना सांगितलं, "काम चालू करा. आणि मशीन याच बाईंकडे ठेवा. ज्यांनी ग्रीस म्हटलं नाही त्यांच्याकडे."

त्या रात्री घरी जाऊन मी पोटभर जेवले. आनंद झाला म्हणजे मला भूक लागते.

नंतरची वर्षं आमच्या शेडची भरभराटीची. चौकटींमागून चौकटी औरंगाबादला गेल्या. पुढे पुसेगावचं एक्स्चेंज मोठं झालं, आमच्या तांड्याजवळच्या दुकानात फोन आला आणि मी शेडमधून याडीशी बोलले. तिथल्या कपाटात माझी चौकट होती की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. मी मात्र माझीच धरून चालते. याडी फोनवर ओरडून म्हणाली, "ऐकू येऊन राहिलं. तुझ्या ताटल्या कशा चालल्या?" मी म्हणाले, चांगल्या चालल्यात. तिनं माझं मशीन एकदा बघायला हवं होतं. आणते आणते म्हणत राहिले आणि राहून गेलं. ही एक रुखरुख आहे.

पण मला सांगायचंय ते पुढच्या नवरात्रातलं. मालकांना विचारून उरलेल्या स्टीलच्या पत्र्यातून मी माईंसाठी चौरंग केला. चारी कोपरे गुण्यात, चारी पाय एका मापाचे, मशीनच्या बैठकीवर ठेवून तपासलेला. मोठ्या ऐटीत देवघरात नेऊन मांडला. माईंनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. डुगडुगला.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. माई म्हणाल्या, "राहू दे, घडी घालू." मी म्हणाले, "थांबा." आणि चौरंग फिरवला. दोष चौरंगात असता तर डुगडुगणारा कोपरा बदलायला हवा होता. बदलला नाही. भिंतीकडचा कोपराच हलत राहिला. दोष चौरंगात नव्हता, फरशी खचलेली होती. माईंचा जुना लाकडी चौरंग इतकी वर्षं विनाकारण बोल खात होता. मी खड्ड्याचं माप घेतलं, त्या एका पायाला तेवढीच पट्टी मशीनवर वाकवून बसवली आणि परत मांडला. माईंनी चारी कोपरे दाबून बघितले. मग वर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि कोपरा पुन्हा दाबला. पाणी हललं नाही.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

खंडेनवमीला आम्ही सगळे मशीनपाशी जमलो. डोळ्यांचं ऑपरेशन झालेले रज्जाकभाई जाड चष्मा लावून खुर्चीत बसले होते. विठ्ठल कटिंगची पूजा उरकून आला. माई घरातून थाळी घेऊन आल्या. मालक पुढे झाले, तर त्यांनी थाळी त्यांच्या हातात दिली नाही. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि सगळ्यांसमोर थाळी माझ्या हातात ठेवली. रज्जाकभाई म्हणाले, "अब हुआ बराबर."

मी डाय उतरवून घेतली, बैठक पुसली, तेलाचा हात फिरवला, डाय बसवली, बोल्ट आवळले. वरच्या बीमला गजरा बांधला, कुंकू लावलं, उदबत्ती लावली.

माई माझ्या शेजारी उभ्या होत्या. थाळीतल्या अक्षता त्यांनी चिमटीत घेतल्या आणि हात मशीनजवळ नेऊन थांबवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सुमित्रे, कुठं टाकू, सांग."

मी वरच्या बीमकडे बोट केलं. माईंनी टाचा उंचावल्या आणि मी सांगितलं तिथंच अक्षता टाकल्या.